ओल देवाची, कोळपणी आपली: आत्मिक वाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी सोलापुरातल्या आमच्या घरी प्रार्थनेला पंधरा-वीस जण जमतात. कुणी यंत्रमागावरची पाळी संपवून येतं, कुणी शाळेतून, कुणी नातवंडांना कडेवर घेऊन. बायबलमधलं वचन वाचून झालं, चहा झाला की चपला घालता घालता दाराशी प्रश्न सुरू होतात. इतक्या वर्षांत माणसं बदलली, प्रश्न तेच राहिले. म्हणून ते इथे लिहून काढले. मी पाळक नाही, संडे स्कूल घेणारी बाई आहे. पण यातले बहुतेक प्रश्न आधी माझे स्वतःचे होते.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं होतं हे मान्य. पण त्यापुढची वाढ तर आपल्यालाच करायची ना?

आपण बहुतेक जण असंच धरून चालतो. दार देवानं उघडलं, आता आत शिरून जिने आपले आपण चढायचे. येशूचा प्रेषित पौल याला गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत हेच दिसलं आणि तो अक्षरशः चिडला. आत्म्यानं सुरुवात केलीत आणि आता शेवट देहस्वभावाच्या बळावर करणार का, असं तो विचारतो (गलती ३:३). सुरुवात करणारा एक आणि पुरं करणारा दुसरा, ही वाटणी त्याला मान्यच नाही. फिलिप्पैच्या मंडळीला तो लिहितो की तुमच्यात ज्यानं चांगलं काम आरंभलं तोच ते सिद्धीस नेईल (फिलिप्पै १:६). त्या वाक्यात कर्ता कोण, ते बघा.

१६४७ साली इंग्लंडात वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनं एक छोटी प्रश्नोत्तरावली तयार केली. तिच्यात फार नेमका भेद केलेला आहे. नीतिमान ठरवलं जाणं ही देवाच्या कृपेची एक कृती, आणि पवित्र होत जाणं हे देवाच्या कृपेचं कार्य. कृती एकदाच होते, कार्य आयुष्यभर चालतं. पण दोन्हीकडे कृपा देवाचीच.

पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली बाई, वाचन अफाट, कष्टांना कमी नाही. तरी पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष सांगताना त्यांनी कबूल केलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं गेली. रमाबाईंना आठ वर्षं लागली, तर आपल्याला थोडा उशीर झाला म्हणून खचायचं कारण नाही.

मी रोज वचन वाचतो, उपवास करतो, दशांश देतो. तरी देव आपल्यावर नाराज आहे असं का वाटत राहतं?

माझी आई बिड्या वळायची. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी उंबऱ्याजवळ बसून सूप मांडीवर घ्यायचं आणि हजाराचा आकडा गाठायचा. मजुरी हजारावर. माल द्यायला जायची तेव्हा मी बोट धरून सोबत असायचे. तपासणारा जुडी हातात घेई, सैल वळलेली बिडी मोडून बाजूला टाकी. त्या वेळी आईचा चेहरा मी बघायचे. दिवसभराच्या कामाचा निकाल त्या एका हातात असायचा.

पुढे कितीतरी वर्षं मी देवासमोर त्याच चेहऱ्यानं उभी राहिले. इतके अध्याय वाचले, इतक्या प्रार्थना केल्या, आता बघू किती पास होतात. तुम्हाला जे वाटतं ते हेच असावं. नातं लेकराचं आहे आणि हिशोब हजारीचा लावलाय.

येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर त्यानं एकही चमत्कार केल्याचं शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कानं सांगितलेलं नाही, एकही प्रवचन दिल्याचं नाही. आधी संतोष, मग सेवा. आणि जो ख्रिस्तात आहे त्याला बाप त्याच पुत्रात बघतो. तुमचा उपवास खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो मजुरीसाठी ठेवू नका, एवढंच.

मग आम्ही काहीच करायचं नाही का? हातावर हात ठेवून बसायचं?

नाही. आणि याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या रानात चांगलं सापडलं.

मंगळवेढ्याकडची काळी जमीन डोळ्यांपुढे आणा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. विहीर-बोअरचं पाणीही बहुतेक रानांना मिळत नाही. तरी जानेवारीत हुरड्याला कणीस भरलेलं असतं. कशावर? पावसाळ्यात त्या खोल काळ्या मातीनं जी ओल पोटात धरून ठेवलेली असते, तिच्यावर. ओल शेतकऱ्यानं आणलेली नाही. त्यानं कितीही घाम गाळला तरी त्या घामावर ज्वारी येणार नाही.

पण शेतकरी घरी झोपूनही राहत नाही. काळी जमीन वाळायला लागली की तिला भेगा पडतात, आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून तो कोळपणी करतो. वरची माती हलते, भेगा बुजतात, तण निघतं, ओल आत राहते. जुनी माणसं म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. कोळप्यानं पाण्याचा एक थेंबही शेतात आणलेला नसतो. आधीच दिलेलं होतं ते त्यानं वाया जाऊ दिलं नाही.

वचन, प्रार्थना, उपवास, प्रभुभोजन, एकमेकांपुढे पापाची कबुली, हे सगळं कोळपणीत येतं. ते न करणाऱ्याचं रान भेगाळतं. पण कोळपं हातात घेऊन जो म्हणतो की हे पीक माझ्या कोळप्यानं वाढलं, त्याला जमिनीत ओल आहे हेच ठाऊक नाही.

येशूनंही हेच सांगितलं. मार्कच्या चौथ्या अध्यायात बी टाकणारा माणूस आहे. तो रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळतही नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. 'आपोआप' या जागी मूळ ग्रीकमध्ये 'ऑटोमाटी' असा शब्द आहे. हा दाखला फक्त मार्कात सापडतो आणि उपदेशात क्वचितच ऐकू येतो, याचं मला वाईट वाटतं. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर आपण दरवर्षी ऐकतो आणि आपली जमीन खडकाळ की काटेरी याची चिंता करत घरी जातो. झोपणाऱ्या शेतकऱ्यावर कुणी बोलत नाही.

पण पौलच म्हणतो ना, भीत व कापत आपले तारण साधून घ्या?

म्हणतो. पण तिथे थांबू नका, पुढची ओळ वाचा (फिलिप्पै २:१३). कारण इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. 'कारण' हा शब्द बोटानं दाबून ठेवा. तुम्ही कामाला लागा, कारण तो आधीच आत कामाला लागलेला आहे. आणि त्यानं फक्त बळ दिलं असं नाही, इच्छाही तोच देतो. सकाळी प्रार्थनेला बसावंसं वाटलं, तर ते वाटणंसुद्धा तुमच्या घरचं नाही.

राग सुटत नाही, दारू सुटत नाही. दरवेळी शपथ घेतो, दरवेळी मोडते. आता काय?

आधी रागाचं, कारण ते माझं आहे.

मुलगा दहावीत होता तेव्हा मी त्याच्यावर फार ओरडायचे. नंतर रडायचे, देवाची क्षमा मागायचे, उद्यापासून नाही म्हणायचे. एक वही केली. न ओरडता गेलेल्या दिवसावर बरोबरची खूण. सगळ्यात लांब रांग अकरा दिवसांची झाली. बाराव्या दिवशी इतकी ओरडले की शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. कारण मी नुसती रागावलेली नव्हते, माझी अकरा दिवसांची कमाई त्या पोरानं बुडवली होती ना! रागावर मिळवलेला विजयच माझ्या रागाला सरपण झाला.

रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तेव्हा मला पहिल्यांदा समजला. जे करावंसं वाटतं ते हातून घडत नाही, जे नको तेच घडतं. त्या अध्यायात 'मी' किती वेळा येतो ते मोजा. मग आठवा अध्याय उघडा. तिथे 'मी' मागे सरतो आणि आत्मा पुढे येतो. अध्यायाची सुरुवातच अशी की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच. मी हे वाक्य नेहमी उलटं वाचत आले होते, म्हणजे आधी सुधारा, मग दंडाज्ञा उठेल. पौल ती आधी उठवतो.

मी वही बंद केली. राग यायला लागला की एवढंच म्हणायला लागले, प्रभू, या घडीला माझ्याकडे प्रेम नाही, तुझ्याकडे आहे, ते दे. काही महिन्यांनी एकदा मुलाच्या खोलीच्या दाराशी गेले आणि तिथेच थांबले. ओरडायचं होतं, पण आत जाऊन त्याच्याजवळ बसले. हे माझ्यातून निघालं नव्हतं, एवढं मला खात्रीनं माहीत आहे. राग आजही येतो. पण घरात त्याचं राज्य राहिलेलं नाही.

आता दारूचं. देवाच्या कामावर भरवसा म्हणजे डॉक्टरकडे न जाणं असं कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयात जा, व्यसनमुक्तीचे उपचार घ्या, घरच्यांना सांगा. मला एकट्याला जमत नाही, हे तोंडानं म्हणणं हीच शरणागती आहे. ती देवापुढे केली आणि माणसांपासून लपवली, तर ती अर्धीच राहिली.

'आत्म्याचे फळ' मिळवायला काय करावं?

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाची 'कर्मे' म्हटलंय, अनेकवचनात. आत्म्याचं मात्र 'फळ', एकवचनात. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढचे सगळे गुण मिळून एक फळ. म्हणजे या महिन्यात सहनशीलता, पुढच्या महिन्यात सौम्यता, असा अभ्यासक्रम लावता येत नाही. कर्म केलं जातं, फळ लागतं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि आपल्याला तिचे फाटे, आणि फाट्याला एकच गोष्ट सांगतो, माझ्यामध्ये राहा. आपल्याकडे डाळिंबाच्या बागा ज्यांच्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. तोडलेल्या फांदीला सुतळीनं फळं बांधली तर संध्याकाळपर्यंत ती बरी दिसतात.

माझा विश्वासच कमी पडतो. म्हणून माझी प्रार्थना ऐकली जात नाही का?

या प्रश्नावर मला जरा जोरात बोलायचं आहे. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून 'तुमचा विश्वास कमी पडला' असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. एका घरात याच धाकानं मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. गोळी घेतली तर विश्वास खोटा ठरेल म्हणून! गोळ्या घ्या. औषधही देवाच्याच हातून येतं.

स्वतःच्या कष्टांवरचा भरवसा सुटला की माणूस पुष्कळदा स्वतःच्या विश्वासावर भरवसा ठेवायला लागतो. ओझं तेच, फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. विश्वास म्हणजे पुढे केलेला रिकामा हात. हात थरथरतोय म्हणून ताटातली भाकरी लहान होत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात पछाडलेल्या मुलाचा बाप काय म्हणाला? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. दोन्ही एका दमात. येशूनं त्याला आधी विश्वास वाढवून ये असं सांगितलं नाही. मुलगा बरा झाला.

ही शिकवण नवीन आहे का? आमच्या आजी-आजोबांनी असं काही सांगितलं नव्हतं.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानं एक प्रार्थना लिहिली होती. तिचा आशय असा, तू जी आज्ञा करतोस ते पाळण्याचं दान तूच दे, मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस नावाच्या ब्रिटनमधून आलेल्या शिस्तप्रिय साधूला रोममध्ये ती ऐकून सहन झाली नाही. असं म्हटलं तर लोक आळशी होतील, देवानं आज्ञा दिली म्हणजे पाळायची ताकद माणसात आहेच, असं त्याचं म्हणणं. पेलागियस वाईट माणूस नव्हता, लोक चांगलं वागावेत हीच त्याची तळमळ होती. पण ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं ती शिकवण नाकारली. म्हणजे तुमचा प्रश्न सोळाशे वर्षांचा आहे, आणि उत्तरही.

दुसऱ्या टोकाची चूकही झालेली आहे. इंग्लंडातल्या केझिक गावी १८७५ पासून आत्मिक जीवनाचे मेळावे भरत आले. त्यातून अनेकांना खरा दिलासा मिळाला. पण त्या काळच्या काही उपदेशांतून लोकांनी असा अर्थ घेतला की एकदा समर्पण केलं की झगडा संपला, आता नुसतं सोडून द्यायचं. त्यावर त्याच काळातल्या इतर सेवकांनी कडक टीका केली, आणि मला ती पटते. कलस्सैकरांस पत्रात पौल म्हणतो की मी श्रम करतो, झटतो, पण माझ्या ठायी जोरानं चालणाऱ्या ख्रिस्ताच्या शक्तीप्रमाणे (१:२९). घाम पौलाचा आहे. शक्ती त्याची नाही.

आमच्याकडे वारकरी शेजारी आहेत. त्यांची शरणागती आणि ही, यात फरक काय?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आषाढीला सगळे रस्ते तिकडे वळतात, तेव्हा हा प्रश्न येणारच. उत्तर नम्रपणे द्यायला हवं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आपल्या बळानं काही होत नाही, आता तूच सांभाळ, ही हाक मराठी माणसाच्या कानात संतांनी घातली, आणि आपल्या उपासनेतले अभंग त्याच मातीतले आहेत. ख्रिस्ती माणूस यात ठामपणे भर घालतो ती अशी की देवानं हे काम एका विशिष्ट जागी, क्रुसावर, एकदाच पुरं केलं, आणि मेलेल्यांतून उठवलेला तोच ख्रिस्त आत्म्याच्या द्वारे आपल्यात राहतो. वाद घालण्यापेक्षा शेजाऱ्यांच्या दिंडीला पाणी द्यावं. विचारलं तर मनापासून सांगावं.

मंडळीत इतकी सेवा करते की थकून गेलेय. सोडू का?

कदाचित काही दिवस सोडा. खरंच. तुमच्यावाचून मंडळीचं अडेल असं वाटत असेल तर मग नक्कीच सोडा.

मुलांना हे कसं शिकवायचं? त्यांना तर नियम लावावेच लागतात.

लावा. दात घासायला, खोटं न बोलायला नियम हवेतच. पण वचन पाठ केल्याबद्दल बक्षीस देताना जपा. आमच्या संडे स्कूलमध्ये मी वर्षानुवर्षं पाठांतराला चांदण्या चिकटवल्या. एकदा एक लहान मुलगी, घरी आई आजारी म्हणून तिचं पाठांतर झालं नव्हतं, मला हळूच म्हणाली, टीचर, आज येशू माझ्यावर रागावलाय का? मी तो तक्ता भिंतीवरून काढला. मुलं अजूनही पाठ करतात, गाऊन करतात, आणि ज्याला येत नाही त्याच्याबरोबर सगळी म्हणतात.

आणि आईबापांनी मुलांपुढे माफी मागावी. आई-बाबांनाही देवाची गरज लागते, हे मुलाला याहून चांगलं कशानं कळणार?

देव माझ्यात काम करतोय असं मला काही जाणवतच नाही. मी वाढतोय हे ओळखू कसं?

स्वतःला रोज मोजू नका. ज्वारीचं रोप कुणी उपटून मुळं तपासत नाही. दुसऱ्यांना विचारा, तेही वर्षा-दोन वर्षांनी. माझ्या पाहण्यातल्या खुणा सांगते. पूर्वी न दिसणारं पाप दिसायला लागतं, त्यामुळे आपण घसरतोय असंच वाटतं, पण उजेड वाढल्यावर जाळ्या दिसतातच. चूक कबूल करायला लागणारा वेळ कमी होतो, आठवड्यावरून तासावर येतो. दुसऱ्याच्या चुकीवर बोलण्याआधी जरा थांबायला होतं. आणि प्रार्थनेत 'मी करीन' कमी होत जाऊन 'तू कर' वाढतं.

काहींच्या आयुष्यात मात्र लांबलचक कोरडे दिवस येतात. सोलापूरकरांना दुष्काळ समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवसांत वाढ थांबली असं समजू नका. पाऊस नसतो तेव्हाच मुळं खाली जातात. मात्र झोप उडाली, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर ती कोरडी वेळ नाही, आजार आहे. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आजपासून नेमकं काय करू?

सकाळी पाय जमिनीवर ठेवायच्या आधी म्हणा, प्रभू, आजचं काम तू सुरू केलेलं आहेस, मला त्यात घे. मग एक उतारा वाचा, थोडाच. वाचताना 'मी काय करावं' याआधी 'देवानं काय केलंय' ते शोधा, सापडलं की त्याचे आभार माना. दिवसा जिथे अडाल तिथे, गाडी चालवताना, मागावर, चुलीपाशी, तिथल्या तिथे मागा. रात्री दिवस जसा गेला तसा त्याच्या हातात द्या, चुकांसकट, आणि दिवा मालवून झोपा. मार्कच्या दाखल्यातला शेतकरीही झोपलाच होता.

आणि गुरुवारी या. वही आणली नाहीत तरी चालेल.